चालक ११४ला सात नंबर का नाही

बस कंपनीच्या डेपोत, वर्कशॉपच्या बरोबर डोक्यावर, डेटाबेसवाल्यांची खोली होती. खाली इंजिनाची चाचणी सुरू झाली की वर टेबलावरचे कप आपणहून कडेकडे सरकायचे. त्या खोलीत एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या बाईंना सगळा डेपो हेडरताई म्हणायचा. तोंडावर नुसतं ताई.

नावामागचं कारण असं. उद्या कोणती बस कोणत्या मार्गावर जाईल आणि ती कोण चालवेल, हा ड्युटीचा तक्ता रोज डेटाबेस तयार करायचा आणि खाली चालकांना ड्युटी वाटणारे ड्युटीबाबू तो फलकावर लावायचे. त्यासाठी दोनशेच्या वर छोटे प्रोग्रॅम होते. त्यांना खोलीत प्रोसिजर म्हणत. प्रत्येक प्रोसिजरच्या डोक्यावर पाच ओळींची टीप असलीच पाहिजे, असा ताईंचा नियम होता: काय करते, कोणी लिहिली, कधी लिहिली, काय बदललं आणि का बदललं. या टिपेला हेडर म्हणत. नियमाचा कागद ताईंनी फळ्याशेजारी चिकटवला होता, पाण्याच्या मशीनवर चिकटवला होता आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही. तिथे माणूस निवांत वाचतो, अशी त्यांची समजूत होती. लोक तिथे बसून निवांतपणे मोबाइल बघत.

खोलीत ताईंच्या हाताखाली तिघं होते. पहिला झेरॉक्स. तो जुनी प्रोसिजर उचलून नवी करायचा आणि हेडर जसंच्या तसं ठेवायचा. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मधमाश्या पाळायला गेलेला एक गृहस्थ कागदोपत्री अजून दर आठवड्याला नवा प्रोग्रॅम लिहीत होता. दुसरा मौनी. तो हेडर लिहीत नव्हता, पण त्याबद्दल त्याला वेगळा दोष देता येत नव्हता, कारण तो बोलतही नव्हता. तिसरी कादंबरी. ती वर्षभरापूर्वी लागलेली, आणि तिचं हेडर वाचायला घेतलं तर चहा गार व्हायचा.

हेडर नसेल तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी झेरॉक्सने एका प्रोसिजरमधली एक अट ‘फालतू दिसते’ म्हणून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उंच बस बुटक्या पुलाखाली अडकली. चारही टायरमधली हवा काढून तिला मागे ओढावं लागलं. आतल्या प्रवाशांनी खिडकीतून हात बाहेर काढून पुलाला हात लावून फोटो काढले. त्यानंतर झेरॉक्स कुठल्याही अटीला हात लावायच्या आधी विचारायचा. हेडर लिहायचा नाही, पण विचारायचा. आणि विचारायचं म्हणजे ताईंनाच.

“ताई, ही तीस मिनिटं कसली धरलीयत?”

“ताई, नऊ नंबरला दोनच बस का?”

ताई मान वर न करता उत्तर द्यायच्या. खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचंही. हेडर लिहीत नाहीत म्हणून दिवसभर बोटं मोडायच्या, पण कुणी काही विचारायला आलं की पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग मुलीचा फोन आला. मुलगी नवऱ्याबरोबर लांबच्या शहरात राहत होती, रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर. तिला सातवा महिना लागला होता.

“आई, तू येणार ना? नक्की सांग. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि ह्यांना दूध तापवायला सांगितलं तर पातेलं काळं होतं.”

“येणार म्हणजे काय, येणारच.”

“किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“आई, माझ्या दहावीच्या निकालालाही तू येणारच होतीस.”

हे ताईंना बरोबर लागलं. त्या दिवशी सर्व्हर बंद पडला होता. निकाल घेऊन मुलगी डेपोत आली होती आणि गुणपत्रिका ताईंना एका हातात धरून, दुसऱ्या हाताने टाइप करत वाचावी लागली होती. या वेळी काही झालं तरी जायचं, असं त्यांनी ठरवलं आणि रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

साहेब तसे भले गृहस्थ. फक्त कुठलंही वाक्य ‘अडचण अशी आहे’ या शब्दांनी सुरू करायचे.

“अडचण अशी आहे ताई, की मागे तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात ना?”

“हो. दोन तास.”

“दोन तासांत आठ फोन केले यांनी. तुमच्या तोंडात यंत्र होतं. तुम्ही ‘आँ, ऊँ’ करून उत्तरं दिलीत आणि यांनी त्याप्रमाणे दोन प्रोसिजर बदलल्या.”

“बरोबर बदलल्या होत्या.”

“म्हणूनच तर! सहा आठवडे तुम्ही नाहीत, मग डेपो चालणार कसा?”

बरीच घासाघीस झाली. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, ताईंनी घरी बसायचं. त्यांना कार्यालयातून एकही फोन जाता कामा नये. तरीही संध्याकाळी पाचला ड्युटीचा तक्ता फलकावर लागला, तर सहा आठवड्यांची रजा मंजूर. नाही लागला, तर एक आठवडा, तोही फोन उशाशी घेऊन.

त्याच दुपारी ताईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि तिघांचा वर्ग घेतला. पडद्यावर स्वतःच्याच एका प्रोसिजरचं हेडर दाखवलं. पाचही ओळी एका रेषेत, तारखा नीट, आखीव पाटीसारखं.

“हे बघा. याला म्हणतात हेडर. काय बदललं? चालक क्रमांक ११४ला मार्ग क्रमांक ७ देऊ नये. का बदललं? सांगितल्याप्रमाणे.”

“कोणी सांगितल्याप्रमाणे?” कादंबरीने विचारलं.

“ते महत्त्वाचं नाही. रकाना भरलाय की नाही, हे महत्त्वाचं.”

मौनीने भुवया वर केल्या. त्याच्या हिशोबाने हे भाषणच होतं, पण ताईंचं लक्ष नव्हतं.

वर्गाचा परिणाम शून्य. मग ताईंनी शनिवार-रविवार बसून एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं पहारेकरी. हेडर नसलेली प्रोसिजर आली की पहारेकरी ती आत घ्यायचाच नाही, तोंडावर परत फेकायचा. सोमवारी सकाळी खोलीत हाहाकार झाला. दुपारपर्यंत सगळे शांत. ताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी हौसेने नवी हेडरं उघडली.

मौनीने पाचही ओळींत एकेक टिंब दिलं होतं.

ताईंनी पहारेकऱ्याला शिकवलं, प्रत्येक ओळीत निदान तीस अक्षरं हवीत. मंगळवारी मौनीचं हेडर आलं: ‘ही प्रोसिजर जे करायला हवं ते करते आणि जे करायला नको ते करत नाही.’ वाक्य मोजून तिसाच्या वर होतं. ताईंनी ते तीनदा वाचलं. त्यात चूक म्हणून काढता येत नव्हती.

झेरॉक्सने जुनं हेडरच चिकटवलं. पहारेकऱ्याने तारीख ओळखून परत फेकलं. मग त्याने तारीख तेवढी बदलली. मधमाश्यावाले गृहस्थ आता चालू तारखेने काम करू लागले.

“अरे, निदान लेखकाच्या जागी स्वतःचं नाव तरी घाल!”

“ताई, त्यांच्या नावाने लिहिलेलं कधी बिघडत नाही. हात चांगला आहे त्यांचा.”

आणि कादंबरी! सुटीच्या दिवशी जादा चालक कसे बोलवायचे, हे ठरवणाऱ्या प्रोसिजरवर तिने लिहिलं होतं: ‘का बदललं: गेल्या महिन्यात ड्युटीबाबूंनी ज्या तिघांना बोलावलं ते तिघंही एकाच तळ्यावर मासे पकडायला गेले होते. पहिल्याने फोन उचलताना पाण्यात पाडला. दुसरा तो काढायला वाकला आणि त्याचाही पडला. तिसऱ्याने घाबरून स्वतःचा बंद केला. म्हणून आता एकमेकांच्या शेजारी राहणारे तीन चालक एकाच यादीत घ्यायचे नाहीत. मासा एकच मिळाला, तोही परत सोडला.’

“अगं, हे हेडर आहे की पत्र?”

“ताई, तुम्हीच म्हणालात ना, का ते लिहा.”

“एका ओळीत लिही!”

“एका ओळीत मासे मावत नाहीत ताई.”

ताईंनी पहारेकऱ्याला आणखी एक नियम शिकवला: सहा ओळींच्या वर हेडर परत. कादंबरीने ओळींची लांबी वाढवली. एकेक ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर निघून जायची, आणि तिच्यामागे जाता जाता माणूस खालच्या चौकात पोचेल असं वाटायचं. ताईंनी हात टेकले. गंमत म्हणजे जेवणाच्या सुटीत झेरॉक्स आणि मौनी डबे घेऊन कादंबरीची हेडरं वाचत बसू लागले होते. ताईंना ते दिसायचं आणि कपाळावर आठी चढायची. शिस्तीचा अगदी तमाशा करून टाकला होता पोरांनी.

अशात गुरुवार उजाडला.

ताईंचे यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पर्यवेक्षकाचं काम अंगावर घेतलं. फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला, शेजारी घड्याळ ठेवलं आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन समोर बसले.

“कॉपी करायची नाही,” त्यांनी बजावलं.

दहा वाजले. फोन वाजला नाही. ताईंनी भांड्यांची फडताळं पुसली. अकरा वाजले. नाही वाजला. त्यांनी पंख्याची पाती पुसली. बाराला फोन नीट चालू आहे ना, हे बघण्यासाठी यजमानांना त्यांच्या फोनवरून एक फोन करायला लावला. तो वाजला.

“आनंद मान की,” यजमान म्हणाले. “रजा मिळणार.”

“मान्य आहे हो. पण एकसुद्धा नाही? एकोणीस वर्षं झाली. एखाद्याला तरी काही अडावं की नाही?”

“म्हणजे तुला फोन यायला हवाय?”

“मुळीच नको!” असं म्हणून ताईंनी पुसलेली फडताळं पुन्हा पुसायला घेतली.

साडेतीनला दाराची घंटा वाजली. दारात झेरॉक्स, मौनी आणि कादंबरी. मागे रस्त्यावर डेपोची, बिघडलेल्या बस ओढून आणणारी क्रेनची गाडी उभी होती आणि तिने अख्खी गल्ली अडवली होती.

“फोन करायचा नाही, असं ठरलंय ना,” झेरॉक्स धापा टाकत म्हणाला, “म्हणून आलो.”

“नियमाच्या पूर्ण आत आहोत आम्ही,” कादंबरी म्हणाली. “साहेबांचा कागद दोनदा वाचला.”

ताईंना हसावं की ओरडावं कळेना. पण मनात कुठेतरी, अगदी तळाशी, गारगार वाटलं हेही खरं. “या आत. काय अडलं?”

झेरॉक्सने लॅपटॉप टेबलावर ठेवला. उद्याचा तक्ता तयार होत नव्हता. सात नंबरचा नेहमीचा चालक सर्दीतापाने पडला होता आणि त्याचा बदली चालक रजेवर. मोकळा माणूस एकच उरला होता: चालक ११४. पण प्रोसिजर त्याला सात नंबर द्यायला तयार नव्हती. आणि एक मार्ग रिकामा राहिला की तक्ता मुळी निघायचाच नाही, सगळा डेपो अडकून बसायचा.

“अट काढून टाकणार होतो,” झेरॉक्स म्हणाला. “पण ताई, डोळ्यांपुढे पूल आला. म्हटलं आधी हेडर वाचू. तुम्हीच लिहिलेलं आहे. देऊ नये, सांगितल्याप्रमाणे.”

“आम्ही खूप अंदाज केले,” कादंबरी म्हणाली. “मी म्हटलं, त्याला त्या रस्त्यावर कुत्रा चावला असेल. झेरॉक्स म्हणाला, वळणावर त्याला घेरी येत असेल. मौनीने मान हलवली.”

“कुठल्या बाजूने?” यजमानांनी विचारलं.

“आडवी. दोन्हींना.”

“सांगा ना ताई,” झेरॉक्स म्हणाला. “का नाही द्यायचा?”

ताईंनी पाठ ताठ केली. तोंड उघडलं.

त्यांना आठवेना. कुणीतरी सांगितलं होतं. उन्हाळा होता, की हिवाळा? साहेबांनी सांगितलं? पण साहेब तेव्हा नव्हतेच, आधीचे होते, टक्कलवाले. त्यांनी हेडरची तारीख बघितली. चौदा वर्षं. डोकं चाचपून बघितलं, कोपरा न् कोपरा उलटा केला. चालक ११४च्या जागी नुसती कोरी भिंत.

“आठवतंय,” त्या म्हणाल्या. “थांबा. येतंय.”

काही आलं नाही. घड्याळात चार वाजत आले. बाहेर क्रेनच्या मागे अडकलेल्या एका टेम्पोवाल्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली. डोळ्यांपुढे मुलगी दिसली, काळं पातेलं दिसलं, उशाशी फोन दिसला. आणि या सगळ्याला झेरॉक्स जबाबदार नव्हता, मौनी नव्हता, कादंबरी तर नव्हतीच. पाच ओळी एका रेषेत लिहून, तारखा घालून, खरं कारण तेवढं त्यांनी स्वतःच गाळलं होतं.

“मला माहीत नाही,” ताई म्हणाल्या.

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे वाक्य त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात एक अनोळखी, जरा घोगरा आवाज आला. “त्यालाच विचारायचं का?”

सगळे वळून बघायला लागले. मौनी बोलला होता.

“कुणाला?” झेरॉक्सने विचारलं.

“एकशे चौदाला,” मौनी म्हणाला आणि दमून खुर्चीत बसला.

एकोणीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चालक म्हणजे तक्त्यातला एक आकडा. तो रोज खाली वर्कशॉपपाशी उभा राहून चहा पितो आणि त्याला फोनसुद्धा आहे, ही गोष्ट डेटाबेसच्या खोलीत कधी पोचलीच नव्हती. कादंबरीने ड्युटीबाबूंकडून नंबर घेतला आणि स्पीकर चालू करून फोन लावला.

“हो हो, मीच सांगितलं होतं!” पलीकडून ११४ खणखणीत आवाजात म्हणाला. “टक्कलवाल्या साहेबांच्या पाया पडलो होतो. सात नंबरच्या शेवटच्या थांब्यावर आमच्या सासऱ्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं ना! प्रत्येक फेरीला बसमध्ये चढायचे आणि प्रवाशांसमोर विचारायचे, काय जावईबापू, बढती कधी? दिवसाला अकरा फेऱ्या, अकरा वेळा! प्रवासीपण विचारायला लागले होते हो. एका आजीबाईंनी नवस का काय केला माझ्यासाठी.”

“मग आता? उद्या सात नंबर चालेल तुम्हाला?” कादंबरीने विचारलं. ती भराभर लिहून घेत होती.

“दुकान कधीच विकलं त्यांनी. आता आमच्याकडेच राहायला आलेत, तीन वर्षं झाली.” ११४ने आवाज एकदम खाली आणला. “बाई, मला सातच द्या. उद्याच कशाला, रोज द्या. अकरा फेऱ्या म्हटल्या की माणूस तेवढाच जास्त वेळ घराबाहेर असतो.”

झेरॉक्सने अट काढली. यंत्र दोन मिनिटं विचार करत बसलं आणि तक्ता बाहेर पडला. चार चाळिसाला ड्युटीबाबूंनी तो फलकावर लावला. टेम्पोवाल्याची गल्लीही मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आपणहून साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, मी नापास झाले. फोन आला नाही हे खरं. पण पोरं घरी आली होती.”

“क्रेन घेऊन,” साहेब म्हणाले. “कळलं मला. तीन तक्रारी आल्यात. अडचण अशी आहे ताई, की मी रात्रभर विचार केला. ते तुमच्याकडे आले. तुम्हाला उत्तर आलं का?”

“नाही.”

“काही मदत झाली तुमची?”

“नाही,” ताई जरा घुश्शातच म्हणाल्या. “चहा केला मी.”

“म्हणजे तुम्ही असून नसल्यासारख्याच होतात. तरी तक्ता लागला, तोही वीस मिनिटं आधी. मग तुम्हाला अडवून ठेवायचं काही कारणच उरत नाही.” आणि साहेबांनी सही ठोकली. “सहा आठवडे मंजूर.”

इतका मोठा अपमान आणि इतका मोठा आनंद एकाच कागदावर घेऊन ताई जिन्यावर आल्या. मग तिथूनच मुलीला फोन केला.

“मिळाली? खरंच? कशी काय?”

“मी काही कामाची नाही असं सिद्ध झालं.”

“आई, तू आधी तिकीट काढ,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “बाकी इथे आल्यावर रड.”

निघायला महिना होता. ताईंनी स्वतःच्या प्रोसिजर तपासल्या. एकतीस हेडरांत ‘सांगितल्याप्रमाणे’ निघालं. त्यांनी पहारेकऱ्याला तो शब्द दिसताक्षणी परत फेकायला शिकवलं आणि पहिल्या दिवशी त्याने त्यांच्याच एकतीस प्रोसिजर तोंडावर फेकल्या. झेरॉक्सने हे दृश्य पडद्यावर मोठं करून ठेवलं होतं. ताईंनी ते पुसायला लावलं नाही.

मग रोज दुपारी ताई आणि कादंबरी वही घेऊन खाली उतरायच्या. बसच्या पायऱ्यांवर बसून चालकांना, वाहकांना, टायरवाल्याला विचारत फिरायच्या. नऊ नंबरला दोनच बस, कारण तिसरी वळवायला जागा नव्हती. तिथली भिंत पडून सहा वर्षं झाली होती. तीस मिनिटं धरली होती ती एका फाटकासाठी. ते फाटक उघडणारा माणूस तेव्हा घरी जेवायला जायचा. ताई सांगायच्या, कादंबरी लिहायची, आणि ‘लांबलंय का?’ असं तिने विचारलं की ताई म्हणायच्या, “असू दे. मासे मावायला हवेत.” सहा ओळींचा नियम पहारेकऱ्याकडून काढून घेतला गेला. झेरॉक्सने एका प्रोसिजरवर पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं आणि दिवसभर अस्वस्थ होता.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एकोणतीस झाली. दोन उरली. सगळा डेपो विचारून झाला होता, टक्कलवाल्या साहेबांना घरी जाऊन विचारून झालं होतं. त्यांनी चहा पाजला, पण त्यांनाही काही आठवलं नाही. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली होती. यजमान जिन्याच्या तळाशी उभे राहून हाका मारत होते, “अगं, गाडी चुकेल! तुझ्याशिवाय पोचलो तर काय तोंड दाखवू पोरीला?”

“आले हो!”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. ‘का बदललं’चा रकाना उघडला. मग टाइप केलं: ‘ही अट का घातली ते मला माहीत नाही. तेव्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही. कुणाला कळलं तर इथे लिहावं. लाज वाटून घेऊ नये.’ दुसऱ्यावरही तेच लिहिलं.

पहारेकऱ्याने दोन्ही आत घेतली. मौनीने एक शब्द न बोलता जड बॅग उचलली आणि ताईंच्या पुढे जिना उतरू लागला.